कारागिराची हमी आणि ग्राहकाची जोखीम

माझ्या परिचयाचे एक निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. ख्यालगायनाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. नोकरीत असताना घर, मुलांची शिक्षणे आणि लग्नकार्ये यांतून जे उरेल तेवढेच या छंदाच्या वाट्याला येत असे. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी स्वतःसाठी एकच मोठी खरेदी केली. परप्रांतातील एका छोट्या उत्पादकाकडून त्यांनी व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर करवून घेतला. किंमत नव्वद हजार रुपये आणि सारी रक्कम आगाऊ. वायदा दोन महिन्यांचा होता. यंत्र पाच महिन्यांनी आले. परंतु पहिल्याच संध्याकाळी तंबोऱ्याचा जो भरीव नाद त्यातून ऐकू आला, त्याने वाट पाहण्याचे सारे क्लेश विसरायला लावले. मी स्वतः त्या वेळी उपस्थित होतो. यंत्र खरोखरच चांगले होते.

एकोणीस महिन्यांनी एका रात्री उजव्या बाजूच्या स्पीकरमधून घरघर सुरू झाली, जळका वास आला आणि यंत्र बंद पडले. हमीची एक वर्षाची मुदत संपली होती. तरीही उत्पादकाने दूरध्वनीवर सौजन्याने सांगितले, "पाठवून द्या, पाहतो." बावीस किलो वजनाचे ते धूड लाकडी खोक्यात बांधून, स्वखर्चाने रवाना झाले. पुढे कळले, की ते गृहस्थ आजारी पडले असून कार्यशाळेला कुलूप आहे. तेथे दुसरा कोणी कारागीर नव्हताच. अकरा महिन्यांनी यंत्र जसे गेले तसेच परत आले. गावातील जुन्या रेडिओ मेकॅनिकने ते उघडून पाहिले. काही भागांवरील क्रमांक खरवडून टाकलेले होते, एक भाग काळ्या राळेसारख्या पदार्थात बुजविलेला होता आणि ट्रान्स्फॉर्मरवर एक अक्षरही नव्हते. मेकॅनिकने हात जोडले. आज ते यंत्र एका फळीवर, वर कापड घालून ठेवलेले आहे.

मी थोडा संतापाने बोललो, तेव्हा आमचे शिक्षकमित्र म्हणाले, "माणूस लबाड नव्हता हो." त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. लबाडीने झालेले नुकसान समजण्यास सोपे असते. त्यासाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत. पण सज्जन विक्रेता, जाणता ग्राहक, उत्तम वस्तू आणि वाजवी किंमत हे सर्व जमून आल्यावरही अखेर नुकसानच पदरी येत असेल, तर दोष माणसांत नसून व्यवहाराच्या रचनेत आहे असे मानावे लागते. हा दोष काय आहे आणि तो दूर करण्याचा मार्ग कोणता, एवढाच या लेखाचा विषय आहे.

छोट्या उत्पादकाचे आकर्षण

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की अशा उत्पादकांकडे वळणारा ग्राहक मूर्ख नसतो. संगीत ऐकण्याच्या उत्तम साधनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी छोट्या कार्यशाळांचाच इतिहास आहे. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९३६ साली सुरू केलेला, पुढे क्वाड या नावाने प्रसिद्धीस आलेला उद्योग असाच लहान होता. त्यांचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही दर्दी मंडळी आदराने ऐकतात. मोठ्या कारखान्याला लाखो लोकांना चालेल असा माल काढावा लागतो. त्याचा खर्च जाहिरातीवर, वितरकाच्या दलालीवर आणि दुकानाच्या झगमगाटावर होतो. छोटा उत्पादक तोच पैसा ट्रान्स्फॉर्मरच्या तांब्यात आणि लोखंडात घालतो. शिवाय तो स्वतः दूरध्वनीवर बोलतो, आपले स्पीकर कोणते आहेत, खोली केवढी आहे, हे विचारतो. मोठ्या कंपनीच्या यंत्रवत उत्तरांना कंटाळलेल्या माणसाला हे बोलणे म्हणजे मोठाच दिलासा असतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर ग्राहक येथे मध्यस्थांचा नफा वाचवितो आणि त्या बदल्यात अधिक चांगली वस्तू मिळवितो. परंतु मध्यस्थ हा केवळ नफा खाण्यासाठी बसलेला नसतो. वस्तू बिघडली तर ती परत घेणे, सुटे भाग साठविणे, उत्पादक बुडाला तरी गिऱ्हाइकाला तोंड देणे, ही कामेही त्याच्याकडे असतात. मध्यस्थ गळाला म्हणून ही कामे नाहीशी होत नाहीत. ती कोणाच्या तरी शिरावर येऊन पडतात. छोट्या उत्पादकाच्या बाबतीत ती न बोलता, न लिहिता ग्राहकाच्या शिरावर येतात. आगाऊ रक्कम देणारा आपला ग्राहक हा वस्तुतः तीन भूमिका करीत असतो. तो खरेदीदार असतो. माल हाती येईपर्यंत बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देणारा सावकार असतो. आणि माल हाती आल्यावर स्वतःच्याच यंत्राचा विमा उतरविणारा विमेदारही असतो. किमतीचा आकडा पाहताना या शेवटच्या दोन भूमिकांचा खर्च मात्र तो हिशेबात धरत नाही.

सेवेचे अंकगणित

छोट्या उत्पादकांना विक्रीनंतरची सेवा का जमत नाही, याचे उत्तर बहुधा "निष्काळजीपणा" असे दिले जाते. एक साधे उदाहरण घेतले, तर हे उत्तर अपुरे असल्याचे दिसून येईल. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, एक उत्पादक वर्षाला साठ अ‍ॅम्प्लिफायर करतो आणि दर वर्षी वापरात असलेल्या वीस यंत्रांपैकी एक दुरुस्तीला येते. पहिल्या वर्षी त्याच्याकडे तीन यंत्रे येतील. तीन यंत्रांसाठी दरमहा पंचवीस हजार रुपयांचा तंत्रज्ञ ठेवला, तर वर्षाचा पगार तीन लाख होतो. प्रत्येक नव्या यंत्राच्या किमतीत पाच हजारांची भर पडते, आणि तंत्रज्ञ बहुतेक काळ रिकामा बसतो. वर्षाला साठ हजार यंत्रे विकणाऱ्या कारखान्याला हा प्रश्न पडत नाही. तेथे तीन हजार दुरुस्त्या निघतात, तंत्रज्ञांना पुरेसे काम असते आणि दर यंत्रामागे खर्च कमी येतो. म्हणून छोटा उत्पादक शहाणपणाने ठरवितो, की दुरुस्ती आपण स्वतःच करू. पहिल्या वर्षी हे सहज जमते.

पण विकलेली यंत्रे नाहीशी होत नसतात. दहाव्या वर्षी सहाशे यंत्रे लोकांच्या घरांत असतात. प्रमाण तेच धरले, तरी तीस यंत्रे परत येऊ लागतात; वस्तुतः जुन्या यंत्रांचे प्रमाण अधिकच असणार. एकेका यंत्राला दोन दिवस धरले, तर साठ दिवस, म्हणजे वर्षातील कामाच्या तीनशे दिवसांचा पाचवा हिस्सा, केवळ दुरुस्तीत जातो. तेवढी नवी यंत्रे कमी होतात, उत्पन्न घटते, आणि नव्या गिऱ्हाइकाचे वायदे लांबत जातात. मग दूरध्वनी उचलला जात नाही. जो माणूस पहिल्या पन्नास ग्राहकांशी तासतासभर बोलला, तोच सहाशेव्या ग्राहकाला टाळू लागतो.

ज्यांना निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाची माहिती आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. आज दिलेले वचन उद्याच्या उत्पन्नातून पाळायचे आणि त्यासाठी कोणताही निधी बाजूला ठेवायचा नाही, असा हा मामला आहे. जुन्या गिऱ्हाइकाची सेवा नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून चालते. नवे गिऱ्हाईक येत आहे तोवर सारे सुरळीत दिसते. विक्री मंदावली किंवा कारागीर आजारी पडला, की वचनांचा सारा डोलारा एकदम कोसळतो. "आजीवन हमी" असे शब्द जेव्हा छापलेले दिसतात, तेव्हा ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा: कोणाचे आयुष्य?

त्यात सुट्या भागांचे संकट वेगळेच आहे. आज व्हॉल्व्हचे उत्पादन मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत होते. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील युद्धामुळे रशियाकडून होणारा पुरवठा अडला, तेव्हा जगभरच्या बाजारात व्हॉल्व्हची टंचाई जाणवली. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथील आसाही कासेई कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ध्वनिउपकरणांत वापरल्या जाणाऱ्या चिपांचा पुरवठा थांबला. अनेक उत्पादकांना आपले आराखडे नव्याने करावे लागले. मोठी कंपनी असा धक्का साठ्यावर आणि भांडवलावर निभावून नेते. एका माणसाच्या कार्यशाळेत मात्र दूरदेशीची आग थेट गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचते.

अज्ञानाचा बाजार

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा आशय थोडक्यात असा: वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सरसकट सरासरी किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या मालाच्या विक्रेत्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी वाईट माल तेवढा उरतो. ध्वनिउपकरणांच्या बाबतीत हे अज्ञान दुहेरी आहे. आवाज कसा आहे, हे घरी आणून ऐकल्यावाचून कळत नाही. यंत्र किती वर्षे टिकेल आणि बिघडल्यावर दुरुस्त होईल की नाही, हे तर ऐकूनही कळत नाही. ते काळच सांगतो.

यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे हमी. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तोच दीर्घ हमी देऊ शकतो, म्हणून हमी ही दर्जाची खूण ठरते. पण ही खूण तेव्हाच खरी, जेव्हा हमी देणारा उद्याही हजर असेल. छोट्या उत्पादकाची हमी मालाविषयी काही सांगते; त्याच्या प्रकृतीविषयी, वारसाविषयी आणि शिलकीविषयी ती काहीच सांगू शकत नाही. परिणामी प्रामाणिक कारागीर आणि चार दिवसांचा हौशी जुळारी हे दोघेही कागदावर सारखेच दिसतात.

त्याच वर्षी, १९७० मध्ये, आल्बर्ट हिर्शमन यांनी एका ग्रंथात असमाधानी माणसापुढील मार्गांचा विचार मांडला: त्याने निघून जावे, किंवा तक्रार करावी, आणि निष्ठा ही या दोहोंच्या आड येऊ शकते. आपल्या शिक्षकमित्राचे पाहा. पैसे आगाऊ दिलेले असल्याने निघून जाण्याचा मार्ग बंद. तक्रार करावयाची, तर ती ऐकणारा एकच माणूस, आणि यंत्र त्याच्याच ताब्यात. उरली निष्ठा. ज्याने आपल्याशी प्रेमाने बोलून वस्तू बनविली, त्याच्याविषयी चारचौघांत वाईट बोलणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले. शिवाय आपली निवड चुकली हे कबूल करणे कोणालाच आवडत नाही. अशा रीतीने प्रत्येक जण आपापले दुःख झाकून ठेवतो, आणि पुढचा ग्राहक केवळ स्तुती ऐकून पैसे पाठवितो. सज्जनांचे मौन हे या बाजारातील अज्ञानाचे एक मोठे कारण आहे.

कायदा कोठवर पोहोचतो?

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. या कायद्याने ग्राहकाला एक मोलाची सोय दिली. विक्रेता कोठेही असो, ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्यांना २०२० चे ई-वाणिज्य नियम लागू होतात. त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे हे नियम सांगतात. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्रही आहे. पैसे घेऊन माल न पाठविणाऱ्याविरुद्ध किंवा हमी असताना टाळाटाळ करणाऱ्याविरुद्ध ही साधने ग्राहकाने निःसंकोच वापरावीत. कारागिरीविषयीचा आदर म्हणजे हक्कांवर सोडलेले पाणी नव्हे.

तथापि या साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. जेथे विक्रेता, तंत्रज्ञ आणि तक्रार निवारण अधिकारी ही तिन्ही नावे एकाच माणसाची असतात, तेथे तो माणूस रुग्णालयात असताना नियमांतील अठ्ठेचाळीस तासांना काय अर्थ राहतो? आयोग पैसे परत देण्याचा आदेश देईल. पण कार्यशाळेत दोन टेबले आणि एक डाख देण्याचे उपकरण याखेरीज काही नसेल, तर वसुली कशाची करणार? विक्रेता परदेशातील असेल, तर आदेश बजावण्यापासूनच अडचणींना प्रारंभ होतो. दुरुस्तीसाठी यंत्र बाहेर पाठवून परत आणावयाचे म्हणजे दोन्ही वेळचे भाडे आणि सीमाशुल्काची कागदपत्रे हा व्याप वेगळाच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कायदा रक्कम मिळवून देऊ शकतो. न लिहिलेला आराखडा तो मिळवून देऊ शकत नाही.

म्हणूनच दुरुस्तीच्या हक्काची चळवळ या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. मात्र हा सारा विचार डोळ्यांपुढे मोबाइल, शीतकपाटे, ट्रॅक्टर आणि मोटारी करणाऱ्या मोठ्या कंपन्या ठेवून झालेला आहे. तेथे भीती अशी असते, की कंपनी ताकदीच्या जोरावर दुरुस्ती आपल्याच हाती ठेवील. छोट्या उत्पादकाच्या बाबतीत संकट उलट दिशेचे आहे. दुरुस्ती त्याच्याच हाती राहते आणि ती करण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. रोग वेगळा असला, तरी औषध एकच आहे. ते म्हणजे दुरुस्तीचे ज्ञान मोकळे करणे.

सेवा नाही, तर माहिती

माझे प्रतिपादन एवढेच आहे. जो उत्पादक सेवा देऊ शकत नाही, त्याने माहिती दिलीच पाहिजे. सेवेला माणसे, जागा आणि भांडवल लागते. माहितीला चार पाने कागद पुरतात. यंत्राच्या सर्किटचा नकाशा, भागांची यादी, ट्रान्स्फॉर्मरच्या वेटोळ्यांचा तपशील आणि ठिकठिकाणी किती व्होल्ट दाब असावा याचा तक्ता, एवढे खोक्यात घालून दिले, तर पुणे-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंतचा कोणताही जाणता मेकॅनिक ते यंत्र पुन्हा बोलते करू शकतो. आमच्या मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोजके भाग होते. तांत्रिक दृष्ट्या त्याहून दुरुस्तीस सोपे यंत्र नाही. ते अवघड झाले ते खरवडलेल्या क्रमांकांमुळे.

यावर उत्पादकांचे उत्तर ठरलेले आहे: नकाशा दिला, तर नक्कल होईल. ही भीती खोटी नाही. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून साधलेली रचना कोणी उचलून न्यावी असे कोणाला वाटेल? पण अनुभव काय सांगतो? डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बनविला आणि या क्षेत्राचा दर्जाच त्याने उंचावला. अमेरिकेतील नेल्सन पास यांनी आपल्या कित्येक रचना हौशी लोकांसाठी खुल्या केल्या. तरीही त्यांनी १९९१ साली स्थापन केलेली कंपनी आपली यंत्रे चांगल्या किमतीला विकतच आहे. नक्कल करणाऱ्याला नकाशाची गरज नसते. तो एक यंत्र विकत घेऊन उलगडतो. क्रमांक खरवडल्याने अडतो तो गावातला मेकॅनिक, आणि त्याच्यामागे उभा असलेला ग्राहक. इतकेही करून ज्यांना संकोच वाटत असेल, त्यांनी सीलबंद नकाशा एखाद्या वकिलाकडे किंवा विश्वासू व्यावसायिकाकडे ठेवावा आणि कार्यशाळा बंद पडल्यास तो ग्राहकांना खुला व्हावा, असे पावतीवर लिहून द्यावे. असे लिहून देणारा उत्पादक आपोआपच इतरांहून वेगळा ओळखू येईल. अकरलॉफ यांच्या बाजारात ज्या खुणेची उणीव होती, ती खूण हीच.

ग्राहकांनीही काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. काही हिस्सा माल ऐकून पाहिल्यावर द्यावा. पैसे देण्यापूर्वी नकाशा मिळेल काय, भाग बाजारात मिळणारे आहेत काय, आपल्यामागे दुरुस्ती कोण करील, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर मिळण्यास किती दिवस लागतात, हेही एक उत्तरच असते. नव्या ग्राहकाशी बोलण्यापेक्षा पाच वर्षे जुन्या ग्राहकाशी बोलावे. आणि यंत्राच्या किमतीच्या दहावा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून मगच ते परवडते की नाही हे ठरवावे. एकट्याला हे जड जाईल. पण १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्रित खरेदीचा जो मार्ग घराघरांत रुजविला, तो येथेही उपयोगी पडेल. एकाच उत्पादकाची यंत्रे घेणाऱ्या दहा-पंधरा जणांनी मिळून नकाशा मागितला आणि ट्रान्स्फॉर्मरचा एक जादा संच घेऊन ठेवला, तर त्यांना नकार देणे उत्पादकाला अवघड जाईल, आणि खर्चही प्रत्येकाला झेपेल.

कोणी विचारील, की मूठभर दर्दी लोकांच्या चैनीसाठी एवढा ऊहापोह कशाला? पण पाणी गरम करणारा सौर बंब असो, घरगुती इन्व्हर्टर असो की शाळेसाठी घेतलेला ध्वनिक्षेपणाचा संच असो, स्थानिक जुळाऱ्याकडून घेतलेल्या प्रत्येक वस्तूमागे हाच प्रश्न उभा आहे. छोट्या उद्योगांना उत्तेजन द्या, असे आपण म्हणतो तेव्हा त्या उद्योगाची जोखीम कोणी उचलावयाची, हे सांगायचे राहून जाते, आणि ती निवृत्त शिक्षकाच्या पुंजीवर येऊन पडते.

मिरजेचा धडा

या सर्वांचे उत्तर आपल्याला परदेशांतच शोधावे लागेल असे नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील वाद्यकारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. त्या दुकानांत ग्राहकसेवा विभाग नाही, छापील हमीपत्र नाही. घरे लहान, भांडवल लहान. पण ज्याने तंबोरा घडविला तो कारागीर हयात नसला, तरी वाद्य मुके होत नाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, घोडी कशी घासावी, जवारी कशी काढावी, हे त्या गल्लीतील अनेक हातांना ठाऊक आहे. आजोबांनी घेतलेला तंबोरा नातू दुसऱ्याच दुकानात नेतो आणि तो पुन्हा जुळून येतो. तेथे हमी एका माणसाची नाही, ती साऱ्या गल्लीची आहे. कारण ज्ञान एका माणसाच्या कुलपात बंद नाही.

आणि या मोकळेपणाने कोणाचा धंदा बुडाला? कोणाचा हात हलका, कोणाची जवारी सुरेल, हे जाणकारांना बरोबर कळते आणि नामवंत कारागिराकडे काम येतच राहते. लहान असणे हा दोष नव्हे. एकटे असणे हा दोष आहे. आपल्या अ‍ॅम्प्लिफायर बनविणाऱ्यांनी हा भेद ओळखला, तर ते लहान राहूनही विश्वासार्ह होतील.

आमच्या शिक्षकमित्रांनी अलीकडे त्या उत्पादकाला एक पत्र पाठविले आहे. पैसे परत मागितलेले नाहीत. प्रकृतीची विचारपूस करून खाली एकच ओळ लिहिली आहे: यंत्राचा नकाशा तेवढा पाठवावा. ते पत्राची वाट पाहत आहेत. गावातील मेकॅनिकही वाट पाहत आहे. त्याचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे.